उठून उभं राहिलं की दादांच्या डोळ्यापुढं अंधारी येते, अन् विसरायलेत पण. दोन्हीचा एकमेकाशी संबंध असंल का?

सेलूची_लेक

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहायलेय, समजून घ्या. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वय ७४, झेडपीचे रिटायर्ड मास्तर. सेलू तालुक्यात गाव आहे. आई गेल्यापासून एकटेच होते म्हणून मागच्या दिवाळीपासून मीच पोराला घेऊन इथं राहायले, मालक परभणीहून शनिवार-रविवार येतात.

मागच्या आठवड्यात पहाटे पाचची गोष्ट. बाजेवरून उठले, दोन पावलं टाकली आणि हात भिंत शोधायला लागला, म्हणजे भिंत हातभरच लांब होती पण हात नुसता हवेत फिरायला, डोळे उघडे आणि दिसत काहीच नाही, तेवढ्यात हातातला तांब्या सुटून फरशीवर पडला त्या आवाजानं मी पळत आले. धरून बसवलं तर अर्ध्या मिनिटात एकदम ठणठणीत, म्हणे काही नाही गं, जराशी अंधारी आली. नंतर खोदून विचारलं तर कळालं की असं महिना-दोन महिन्यांपासून होतंय, संडासात बसून उठलं की होतं, जेवून ताटावरून उठलं की होतं, मला सांगितलंच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे विसरणं. दूधवाल्याला महिन्याचे पैसे दोनदा दिले (त्यानंच आणून परत दिले, भला माणूस). भजनाच्या पाळीत पुढची ओळ आठवेना म्हणून मधेच थांबले. पण मला जे लागलं ते वेगळंच. दादांनी पस्तीस वर्षं पोरांकडून पावकी, निमकी, अडीचकी (अपूर्णांकांचे पाढे) घोटून घेतली, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील असा माणूस, आणि परवा माझ्या पोरानं कौतुकानं अडीचकी म्हणायला लावली तर मधेच अडकले, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथंच अडकले, मग म्हणाले जा बेटा खेळ. तोंड फिरवून बसले होते नंतर.

डॉक्टरांना दाखवलं. खुर्चीत बसवून बीपी बघितला, १३८/८२, म्हणाले या वयाला छान आहे, चक्कर उन्हामुळं असंल आणि विसरणं वयामुळं. इकडं ऊन आहेच, पारा ४२ च्या वर आहे. पण मला पटंना.

गोळ्या सांगते: बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची जोडगोळी सकाळी, शुगर पंधरा वर्षांपासून आहे त्याला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, दिवाळीनंतर लघवीच्या त्रासासाठी प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन सुरू झाली परभणीच्या डॉक्टरांकडून, आणि पायाची आग होते म्हणून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० ची, ती दुसऱ्याच एका डॉक्टरांनी दिली. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाहीत.

चक्कर येणं आणि विसरणं, हे दोन वेगळे आजार समजायचे की एकच? आणि आता कोणाकडं न्यावं?

---

जालन्याचा_भाऊ

ताई टेन्शन घेऊ नका. माझ्या सासऱ्यांना सेम असंच व्हायचं, उठलं की चक्कर. आम्ही काय केलं, बीपीची गोळीच बंद केली, चार दिवसांत चक्कर गायब. बीपी कमी होतोय तर कमी करायची गोळी कशाला खायची, साधा हिशोब आहे. विसरणं तर सत्तरीनंतर सगळ्यांचंच होतं, माझी आजी तर मला चुलत्याच्या नावानं हाक मारायची.

---

सिस्टर_लातूर

भाऊ, तुम्ही चांगल्या मनानं सांगायलेत पण कृपा करून असं कुणी करू नका. मी २२ वर्षं वॉर्डात काढली आहेत, स्वतःच्या मनानं गोळी बंद करून लकव्यानं आलेले पेशंट मी स्वतःच्या हातानं स्ट्रेचरवर घेतलेत. सासऱ्यांचा बीपी आता किती आहे, मोजलाय का गोळी बंद केल्यावर? चक्कर गेली म्हणजे बीपी नीट झाला असं नसतं, १८० असला तरी माणसाला काही कळत नाही.

ताई, आता तुमचं. खुर्चीत बसवून मोजलेला बीपी बरोबरच असंल, पण तुमच्या दादांना त्रास बसल्यावर होतच नाही, उठल्यावर होतो. मग मोजायचा पण उठल्यावरच. ओपीडीत शंभर पेशंटची लाईन असती, झोपवून उभं करून मोजायला पाच-सात मिनिटं जातात म्हणून राहून जातं, त्यात डॉक्टरला दोष देत नाही मी. तुम्ही घरी करा.

मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. सकाळी उठल्या उठल्या, चहा आणि गोळ्यांच्या आधी. दादांना बाजेवर सरळ झोपवून पाच मिनिटं निवांत पडू द्या, बोलायचं नाही, मग एकदा मोजा आणि नाडीचे ठोके पण लिहा, मशीन दाखवतंच ते. मग उभं करा, तुम्ही किंवा दुसरं कुणीतरी शेजारी पाहिजेच, मागं बाज असू द्या म्हणजे चक्कर आली तर तिथंच बसवता येतं. उभं राहिल्यावर एक मिनिटाला मोजा, परत तीन मिनिटाला मोजा. हात खाली लोंबता ठेवू नका, काळजाच्या उंचीला धरा, एखाद्या कपाटावर किंवा तुमच्याच खांद्यावर टेकवा, हात खाली राहिला तर आकडा खोटाच जास्त दाखवतो आणि घसरण लपून जाते.

वरचा आकडा २० किंवा जास्त, नाहीतर खालचा १० किंवा जास्त उतरला तर त्याला म्हणायचं उभं राहिल्यावर बीपी पडतो. तीन-चार दिवस सकाळचं आणि एक-दोनदा दुपारच्या जेवणानंतर तासाभरानं असं लिहून काढा. मास्तरच आहेत, वही त्यांच्याच हातात द्या, त्यांना पण बरं वाटंल. आणि चक्कर येती त्याच वेळेला एकदा शुगर पण बघा, ग्लिमेपिराइड चालू आहे म्हणता, शुगर कमी होऊन पण अंधारी येती आणि माणूस गोंधळल्यासारखं करतो.

पण हे ध्यानात ठेवा, चकरेबरोबर बोबडं बोलणं, तोंड वाकडं, एका हातात जोर नसणं, छातीत दुखणं, काळी शी होणं, किंवा पडून डोक्याला मार लागणं, असं काहीही असलं तर मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा.

---

मांजराकाठ

सिस्टर एकदम बरोबर बोलल्या. आम्ही केज तालुक्यातले, माझ्या आईचं मागच्या उन्हाळ्यात हेच झालं, फक्त आमच्याकडून एक चूक झाली ती सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही.

कुणीतरी सांगितलं बीपी पडतोय तर मीठ वाढवा. आम्ही लिंबू सरबत, ताकात मीठ, लोणचं, सगळं जोरात सुरू केलं कुणाला न विचारता. आठ दिवसांत पायावर सूज, आणि झोपल्यावर बीपी १९०. उभी राहिली की ११०. म्हणजे झोपली की चढायचा आणि उठली की पडायचा, आम्हाला काही कळंना ह्याला बीपी जास्त म्हणावं का कमी. नंतर संभाजीनगरच्या डॉक्टरांनी समजावलं की हे दोन्ही एकाच माणसात असू शकतं, नसा अधू झाल्या की वर ढकलायचं पण जमत नाही आणि खाली आणायचं पण जमत नाही. आईचं हार्ट पण जरा कमजोर निघालं, म्हणजे मीठ तर तिला विषच होतं. तर मीठ डॉक्टरला विचारूनच.

ज्यानं आम्हाला खरंच फरक पडला ते सांगतो. झोपेतून उठलं की लगेच उभं राहायचं नाही, पाय खाली सोडून बाजेच्या काठावर दोन मिनिटं बसायचं, बसल्या बसल्या पायाचे पंजे वरखाली करायचे पंधरा-वीस वेळा, मुठी आवळायच्या, मग उभं राहायचं आणि उभं राहिल्यावर पण बाज धरून थोडं थांबायचं, मग चालायचं. आईला हे लक्षात राहीना म्हणून बाजेसमोरच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं "आधी बस". दोनच शब्द. वर्ष झालं, अजून तसंच आहे, दिवाळीला रंग दिला तेव्हा पण तेवढी जागा सोडून दिला.

आणि पाणी. सकाळी उठायच्या आधी बाजेवरच बसून दोन ग्लास पाणी एका दमात, घोट घोट नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अर्धा लिटर पाणी पटकन पिलं की काही मिनिटांत उभ्यानं बीपी चांगला टिकतो, तास-दीड तास तरी. आम्ही मोजून बघितलं, खरंच फरक दिसला. न्हाणीत स्टूल ठेवलं, कढत पाण्यानं अंघोळ बंद केली कारण कढत पाण्यानं शिरा फुगतात आणि बीपी अजून खाली जातो. खाली बसायच्या संडासावर कमोडची खुर्ची आणून ठेवली, बाजूला धरायला पाईप ठोकला, त्याचा मिस्त्री शोधायलाच आठ दिवस गेले. दुपारचं जेवण एकदम पोटभर नाही, थोडं थोडं दोनदा.

विसरण्याचं मात्र मला सांगता येणार नाही. आईला ते नव्हतं.

---

फिजिशियन_नांदेड

सेलूच्या ताईंचा प्रश्न सविस्तर आणि चांगला आहे म्हणून सवडीनं लिहितो. इथं तपासल्याशिवाय निदान होत नाही, पण विचार कसा करायचा ते सांगू शकतो.

आपण उभं राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त खाली पोटात आणि पायात उतरतं. मानेतल्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणाऱ्या नसा असतात, त्या क्षणात निरोप पाठवतात, हृदय जोरात चालतं, पायाच्या शिरा आवळतात आणि दाब सावरतो. तरुणपणी हे सगळं आपल्याला कळत पण नाही. वयानं, शुगरनं, औषधानं, पाणी कमी पडल्यानं ही साखळी कुठंतरी ढिली पडते. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्केच, पण लागणाऱ्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा एकटा घेतो. म्हणून दाब पडला की सगळ्यात आधी डोळ्यापुढं अंधारी येते.

आता मूळ प्रश्न, संबंध आहे का. आहे, पण किती आणि कसा ते नीट समजून घ्या, नाहीतर उगाच घाबराल. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला हजारो लोकांवर वर्षानुवर्षं चाललेला एक अभ्यास आहे, त्याचे आकडे २०१६ मध्ये आले. ६,२०४ लोक, सरासरी पंधरा वर्षं पाठपुरावा, ज्यांचा उभं राहिल्यावर बीपी पडायचा त्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका बाकीच्यांपेक्षा १५ टक्के जास्त दिसला, आणि बीपी पडून सुद्धा ज्यांचे नाडीचे ठोके वाढत नव्हते त्यांच्यात तो ३९ टक्क्यांपर्यंत गेला. दुसरा अमेरिकेतला, ११,७०९ लोक, सुरुवातीला सरासरी वय फक्त ५४, पंचवीस वर्षं लक्ष ठेवलं, त्यात वय वगैरेचा फरक हिशोबात धरून धोका ५४ टक्के जास्त. हा ५४ आकडा ऐकायला भयंकर वाटतो पण प्रत्यक्षात बघा, बीपी न पडणाऱ्या शंभरात नऊ जणांना डिमेन्शिया झाला आणि पडणाऱ्या शंभरात साडेबारा जणांना. म्हणजे ज्यांचा बीपी पडत होता त्यातल्या पण बहुतेकांना तो झालाच नाही. हे दादांना मुद्दाम सांगा.

आणि एकामुळंच दुसरं होतं असं यातून सिद्ध होत नाही. तीन वाटा असू शकतात. एक, वारंवार रक्त कमी पोचून मेंदूच्या बारीक शिरांजवळच्या भागाला इजा होते. दोन, उलटी वाट, मेंदूचाच एखादा आजार आधी सुरू होतो आणि तोच बीपी सांभाळणाऱ्या नसा बिघडवतो, पार्किन्सन आणि लुई बॉडी नावाचा डिमेन्शिया यात हे नेहमी दिसतं. तीन, दोन्हीचं मूळ तिसरंच असतं, जास्त वर्षांची शुगर, जुना बीपी, किंवा औषधं.

मला तुमच्या दादांच्या बाबतीत तिसऱ्या वाटेवर आधी बघावंसं वाटतं, कारण तुमची गोळ्यांची यादी. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढते, टॅम्सुलोसिन प्रोस्टेट सैल करताना शिरा पण सैल करते, अ‍ॅमिट्रिप्टिलीन उभ्यानं बीपी पाडते आणि वरून म्हाताऱ्या माणसाची स्मृती गढूळ करते, लघवी पण अडकवते. प्रत्येक गोळी आपल्या जागी बरोबर होती, पण तिन्ही एकाच माणसाच्या पोटात, त्यात ४२ डिग्री ऊन आणि संध्याकाळपासून पाणी बंद. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिल्यात आणि तिघांनाही एकमेकाचं माहीत नाही असं दिसतंय. सगळी पाकिटं, रिकामी सुद्धा, एका पिशवीत घालून एकाच फिजिशियनसमोर ओता. स्वतः एकही बंद करू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, दादा माळकरी शाकाहारी असतील तर बी-१२ तपासा, ते कमी पडलं की पायाची आग, बीपी पडणं आणि विसरणं तिन्ही होऊ शकतं. हिमोग्लोबिन, सोडियम, किडनी, थायरॉईड आणि एक ईसीजी पण करून घ्या.

दुसरी वाट, म्हणजे मेंदूचा आजार, आहे का याचा अंदाज यायला मला तीन गोष्टींचं उत्तर द्या: झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं असं करतात का? चालणं हळू झालंय का, हात कापतो का? नसलेली माणसं किंवा जनावरं दिसतात असं कधी म्हणाले का?

जालन्याच्या भाऊंसाठी: बीपी आटोक्यात ठेवणं मेंदूसाठी चांगलंच आहे. २०१९ मध्ये एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात वरचा बीपी १२० च्या खाली ठेवलेल्या लोकांत स्मृती घसरायला लागण्याचं प्रमाण १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा १९ टक्के कमी आलं. पण त्यात शुगरवाले आणि उभ्यानं बीपी ११० च्या खाली असणारे घेतलेच नव्हते, म्हणून ते जसंच्या तसं सेलूच्या दादांना लावता येत नाही. गोळी बंद करणं आणि गोळी योग्य ती निवडणं यात फार फरक आहे.

---

जालन्याचा_भाऊ

डॉक्टरसाहेब, सिस्टर, तुमचं वाचून आज सासऱ्यांचा बीपी मोजला. झोपून १८६/९८. चुकलं माझं. उद्या सकाळीच घेऊन जातो. वरची माझी कमेंट कुणी वाचून तसं करू नये म्हणून खाली लिहून ठेवतोय.

---

सेलूची_लेक

सगळ्यांचे लई आभार. चार दिवस मोजलं. वही दादांनीच आखली, पट्टीनं, लाल शाईनं समास सोडून. सगळे दिवस साधारण सारखेच आलेत, कालचं देते:

झोपून १५६/८४, ठोके ७४
उभं राहून एक मिनिटाला ११६/६८, ठोके ७८
तीन मिनिटाला १२४/७२, ठोके ७९

दुपारी जेवल्यावर तर एक मिनिटाला १०४ च आला, तेव्हा परत अंधारी आली, लगेच शुगर बघितली तर १४८, म्हणजे शुगरनं नव्हती. आकडे बघून मलाच कापरं भरलं, खुर्चीत १३८ आणि इथं १०४, एकाच माणसाचे.

डॉक्टर तुमच्या प्रश्नाचं: झोपेत ओरडत नाहीत, हात कापत नाही, काही दिसतं असं पण म्हणाले नाहीत. चालणं थोडं हळू झालंय पण पडायच्या भीतीनं असंल असं मला वाटतं. माळकरी आहेत, अंडं पण खात नाहीत.

---

फिजिशियन_नांदेड

ताई, उत्तम काम केलंत. तुमच्या वहीत एक गोष्ट फार बोलकी आहे, ती म्हणजे ठोके. बीपी ४० नं उतरला तर ठोके निदान वीसनं तरी वाढायला पाहिजे होते, साधारण निम्म्याचा हिशोब धरतात. वाढले फक्त चार. नुसतं पाणी कमी पडलं असतं तर हृदय जोरात धावलं असतं. म्हणजे निरोप पोचवणाऱ्या नसाच थकल्यात, पंधरा वर्षांच्या शुगरनं किंवा बी-१२ कमी पडल्यानं, आणि त्यावर गोळ्यांचा भार पडलाय. पायाची आग हा त्याच नसांचा दुसरा पुरावा. वही आणि पिशवी दोन्ही घेऊन जा. आणि स्मृतीची चाचणी बसवून नव्हे, तर थोडा वेळ झोपवून, दाब चांगला असताना करायला सांगा, म्हणजे त्या क्षणी रक्त कमी पोचल्यामुळं किती आणि मुळात किती ते थोडं तरी वेगळं कळंल.

---

सिस्टर_लातूर

आणि ताई, रात्रीचं विसरू नका. तीन-चारदा उठतात म्हणता, अंधारात, झोपेत, पोटात पाणी नाही, सगळ्यात जास्त पडणं तेव्हाच होतं, खुब्याचं हाड मोडून येणारे निम्मे म्हातारे मला "लघवीला उठलो होतो" असंच सांगतात. बाजेजवळ युरिन पॉट ठेवा, छोटा दिवा चालू ठेवा. लाजतील पहिले दोन दिवस. दिवसभर पाणी भरपूर, सातनंतर कमी केलं तरी चालंल, पण पाचपासून बंद नको.

---

सेलूची_लेक

पाच आठवडे झाले, काय झालं ते सांगायला आलेय कारण आपण विचारतो आणि नंतर गायब होतो, तसं नको.

पिशवी घेऊन गेले. नवीन डॉक्टरांनी टेबलावर सगळी पाकिटं ओतली आणि एक-एक बाजूला करत गेले, मग दादांना टेबलावर झोपवून आणि उभं करून स्वतः मोजलं. अ‍ॅमिट्रिप्टिलीन कमी करत करत बंद केली, पाण्याची गोळी (क्लोरथॅलिडोन) असलेली जोडगोळी काढून एकटी टेल्मिसार्टन दिली तीही रात्री, प्रोस्टेटच्या डॉक्टरांशी माझ्यासमोर फोनवर बोलले आणि ती गोळी बदलली. बी-१२ कमी निघालं, १३२, इंजेक्शन चालू आहेत. बाजेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवायला सांगितल्या, रात्रीचा झोपेतला बीपी जास्त चढू नये आणि लघवी पण कमी व्हावी म्हणून, सहा इंच. पहिल्या रात्री दादा म्हणाले घसरतोय मी खाली, आता सवय झाली. रात्री आता एकदा-दोनदाच उठतात. पोटाला पट्टा पण दिलाय, उठायच्या आधी बांधायचा, पण उन्हात घामोळ्या आल्या म्हणून सध्या बंद आहे, पाऊस पडला की परत बघू.

आता एक मिनिटाचा आकडा १३० च्या आसपास राहतो, झोपून १५०. म्हणजे अजून वीस उतरतोच, पण अंधारी मागच्या अठरा दिवसांत एकदाच आली, ती पण अंघोळीनंतर. मांजराकाठ दादा, तुमचं "आधी बस" मी पण लिहिलंय भिंतीवर, अक्षर मास्तरांना पसंत पडलं नाही म्हणून त्यांनी पुसून स्वतः लिहिलं.

विसरण्याचं म्हणाल तर डॉक्टरांनी चाचणी घेतली, थोडी घसरण आहे म्हणाले, डिमेन्शिया म्हणता येणार नाही, सहा महिन्यांनी परत तीच चाचणी. मला रोज थोडं बरं वाटतं आणि रोज थोडी भीती वाटते, कधी वाटतं सुधारलंय कधी वाटतं मलाच तसं वाटून घ्यायचंय. डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय तो पण काढायला सांगितला, दिसलं-ऐकू आलं नीट तर मेंदूला काम राहतं म्हणाले.

एकच विचारायचं राहिलं. आषाढी जवळ आलीये, दादा निर्जळी करतात, चाळीस वर्षं मोडली नाही. नाही म्हणायचं माझ्यानं होईना.

---

फिजिशियन_नांदेड

निर्जळी अजिबात नाही, यात मधली वाट मी देणार नाही. उपवास करायचाच असंल तर पाणी, दूध, फळं घेऊन करू द्या, आणि शुगरच्या गोळ्यांचं त्या दिवसापुरतं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारा, ग्लिमेपिराइड उपाशीपोटी नको. दादांना तुम्ही सांगू नका, तुमच्या डॉक्टरांना सांगायला लावा. आणि त्या दिवशीचं पण वहीत लिहा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही.

---

सेलूची_लेक

सांगितलं त्यांनी. दादा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले पाणी तर पांडुरंगानंच दिलंय. आकडे टाकते एकादशी झाल्यावर.